ग्लायडर पडला की पहिला आरोप सर्वोवर

रिमोटचा ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं मॉडेल विमान, आपटला की मैदानावरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सर्वो गेला." आणि तो सर्वो डिजिटल असेल तर एखादे काका लगेच म्हणणार, "तरी सांगत होतो, साधाच लाव." माझं मत जरा वेगळं आहे. बरा डिजिटल सर्वो आपला आपण मरतो असं फार कमी वेळा होतं, बहुतेक वेळा त्याला मारलेलं असतं, कधी कमी पडलेल्या करंटने, कधी बारीक वायरने आणि सगळ्यात जास्त वेळा मागच्या रविवारच्या लँडिंगने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्वो म्हणजे पंखाच्या आणि शेपटीच्या हलत्या फळ्या फिरवणारी, काडेपेटीपेक्षाही लहान डबी, तिच्यात एक छोटी मोटर, गिअरची रांग, बाहेरचा दांडा किती फिरलाय ते सांगणारा पोटेन्शियोमीटर आणि एक सर्किट. मॉडेलमधला रिसिव्हर, म्हणजे हातातल्या रेडिओचा सिग्नल पकडणारा भाग, साधारण दर २० मिलिसेकंदाला एक पल्स पाठवतो, पल्स १.५ मिलिसेकंदाची असेल तर दांडा मधे, १ ची असेल तर एका टोकाला, २ ची असेल तर दुसऱ्या टोकाला. जुना ॲनालॉग सर्वो मोटरला करंटचा धक्का पण त्याच तालात देतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा, आणि हुकमाची जागा आणि दांड्याची जागा यांतला फरक जितका कमी तितका धक्का छोटा, त्यामुळे अगदी मधल्या जागेजवळ तो जरा मिळमिळीतच असतो, बोटाने ढकललं तर थोडा सरकून मग परत येतो. डिजिटलमधे मायक्रोप्रोसेसर बसवलेला असतो, तो मोटरला सेकंदाला ३०० वेळा किंवा त्याहूनही जास्त वेळा धक्के देतो, म्हणून जरासं सरकवलं तरी पूर्ण ताकदीने अडतो. चांगल्या डिजिटलचा डेडबँड, म्हणजे पल्समधला जेवढा फरक सर्वो ध्यानातच घेत नाही तेवढा पट्टा, २ मायक्रोसेकंदांपर्यंत खाली येतो, दांड्याच्या हिशोबात अंशाचा पाचवा भाग म्हणा ना. टेबलावर ठेवल्या ठेवल्या जी बारीक गुणगुण ऐकू येते ती याचीच.

आता हे सगळं फुकट मिळत नाही. अडून राहायला करंट लागतो आणि तो एकदम, झटक्यात लागतो. मोठ्या ग्लायडरमधे सहा सर्वो असतात, दोन एलेरॉन (पंखाच्या टोकाकडच्या, मॉडेल कलवणाऱ्या फळ्या), दोन फ्लॅप (पंखाच्या आतल्या बाजूच्या फळ्या), शेपटीवरचा नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर. उतरताना ब्रेक म्हणून फ्लॅप खाली आणि एलेरॉन वर करतात, तेव्हा हे बहुतेक सगळे एकाच क्षणी करंट मागतात. सकाळी सात वाजता बिल्डिंगमधल्या सगळ्या बिऱ्हाडांनी नळ सोडले की वरच्या मजल्यावर जे होतं तेच इथे रिसिव्हरचं होतं. चार सेलचा ४.८ व्होल्टचा पॅक, त्यात निमुळत्या नाकात बसावेत म्हणून घेतलेले बारके सेल, वर एक स्वस्तातला स्विच, सगळ्यांनी मिळून व्होल्टेज पार साडेतीनच्या आसपास आणलं की बरेच २.४ गिगाहर्ट्झवाले रिसिव्हर बंद पडून पुन्हा चालू होतात. परत कनेक्ट व्हायला दोन सेकंद जरी लागले तरी ताशी ५४ किलोमीटरने उडणारं मॉडेल तेवढ्यात ३० मीटर पुढे गेलेलं असतं. आणि गंमत बघा, सिग्नल गेला की ॲनालॉग सर्वो ढिला पडतो पण बरेच डिजिटल सर्वो शेवटच्या जागेवर घट्ट धरून बसतात, म्हणजे वळताना सिग्नल गेला तर मॉडेल वळतच राहणार. खालून बघणाऱ्याला वाटतं सर्वो जॅम झाला, खरं तर तो शेवटचा हुकूम इमानदारीत पाळत असतो.

यावर उपाय म्हणून काही जण रिसिव्हरला थोडी वीज साठवून ठेवणारा ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. लावा, काही बिघडत नाही, पण हिशोब करून बघा, ३ ॲम्पिअर खेचले जात असताना व्होल्टेज १ व्होल्टने खाली येईपर्यंत तो जेमतेम दीड मिलिसेकंद तग धरतो. झटका गिळतो, पण अशक्त बॅटरीला काय वाचवणार.

वायरचा हिशोबही असाच आहे. पंखाच्या टोकाजवळच्या सर्वोपर्यंत सव्वा मीटर २८ गेजची वायर (गेजचा आकडा मोठा तितकी वायर बारीक) नेली तर जाऊन येऊन अडीच मीटर झाली, तिचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरा, २ ॲम्पिअर गेले की १ व्होल्ट वायरमधेच संपला. २२ गेजची घेतली तर हेच नुकसान पाव व्होल्टच्या आसपास येतं, वजन मात्र काही ग्रॅमने वाढतं. आणि उलटी चूकही होते, ६ व्होल्टवाल्या सर्वोला थेट दोन सेलचा लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावायचा, तो फुल चार्ज असताना ८.४ व्होल्ट देतो, मग धूर निघाला की कंपनीला शिव्या.

गिअरचं दुखणं वेगळंच. ग्लायडरला इंजिन नसल्यामुळे सततची थरथर नसते, त्यामुळे हवेत सर्वोचं तसं बरं चाललेलं असतं, मार बसतो तो जमिनीवर. फ्लॅप पूर्ण खाली ठेवूनच मॉडेल गवतात उतरलं की फ्लॅप ढेकळाला अडकतो, मॉडेलचा सगळा जोर उलट दिशेने गिअरवर येतो आणि त्यात डिजिटल सर्वो हट्टाने अडून बसलेला, हटायला तयारच नाही. मग एखाद्या दाताला चीर जाते. मॉडेल उचलून बघितलं तर सगळं ठीक चालतं आणि पुढच्या उड्डाणात जोराच्या डाइव्हमधे तोच दात सुटतो. म्हणून टेकायच्या आधी अर्धा सेकंद फ्लॅप वर घ्यायची सवय लावून घ्या, आणि घरी आल्यावर मॉडेलची बॅटरी बंद असताना फ्लॅप हाताने हळूच पूर्ण फिरवून बघा, तुटका दात बोटाला खट्कन लागतो. नायलॉनचे दात सरळ तुटतात, मेटलचे तुटायच्या आधी झिजतात आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो. मेटल म्हणजे अमर अशी लोकांची समजूत असते, ती काही खरी नाही.

प्ले किती येऊ द्यायचा? फ्लॅपचा हॉर्न (फ्लॅपवरचा तो खुंटा, ज्याला सर्वोकडून येणारी काडी जोडतात) बिजागरीपासून १० मिलिमीटरवर असेल आणि फ्लॅप ५० मिलिमीटर रुंद असेल तर लिंकेजमधला, म्हणजे या जोडणीतला, ०.२ मिलिमीटरचा प्ले मागच्या कडेला १ मिलिमीटर होतो. हळू उडताना हे चालून जातं. पण वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो आणि तेवढ्याशा ढिलेपणातून फ्लटर सुरू होतं, कंट्रोल सरफेस, म्हणजे ती हलती फळी, फडफडायला लागतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पंख गेलेला असतो. डायनॅमिक सोअरिंगवाले डोंगराच्या पाठीमागच्या वाऱ्याचा खेळ करून इंजिनाशिवाय कुठल्या कुठे पोचलेत, २०२१ मधे कॅलिफोर्नियात ताशी ८८० किलोमीटरच्या पुढे. त्या वेगाला कुठेच प्ले चालत नाही. आपल्यासाठी सोपा उपाय एवढाच की सर्वोच्या दांड्यावरचा आर्म छोटा ठेवा, हॉर्न लांब ठेवा आणि सर्वोला पूर्ण फिरू द्या, रेडिओमधे ट्रॅव्हल, म्हणजे सर्वो किती फिरेल ते, ४० टक्क्यांवर आणून ठेवलं तर महागड्या सर्वोची निम्मी किंमत वाया गेली समजा.

पोटेन्शियोमीटर मात्र खरंच सर्वोच्या आतलं दुखणं. ग्लायडरमधल्या सर्वोचा दांडा बहुतेक वेळ मधल्या जागेच्या आसपासच असतो, त्यामुळे आतली कार्बनची पट्टी तिथेच घासली जाते आणि मग नेमका मधेच सर्वो थरथरायला लागतो. लोकांना वाटतं रेडिओत काहीतरी गडबड आहे. हल्ली काही महाग सर्वोंमधे घासणारा भागच नसतो, चुंबक आणि त्याची जागा ओळखणारा हॉल सेन्सर वापरतात.

मुंबईचे आपले खास त्रास वेगळे. खारट दमट हवेत कनेक्टरच्या पिना आणि स्विच काळवंडतात, पावसाळाभर माळ्यावर पडून राहिलेलं मॉडेल दसऱ्याला काढून तसंच उडवायचं म्हणजे मुद्दाम जुगार खेळायचा, आधी सगळे कनेक्टर काढून परत लावा, स्विच तर बदलूनच टाका. शहरात उडवायची सोय जवळपास नाहीच, सांताक्रूझ आणि जुहूचे विमानतळ आहेत, पोलिसांचे बंदीचे आदेश अधूनमधून निघतात, पनवेलकडे आता नवी मुंबईचा विमानतळ झालाय, म्हणून परवानगीचं बघून लांब कर्जतच्या पलीकडे जावं लागतं आणि मॉडेल मे महिन्यात तासन्‌तास बंद गाडीत तापतं. पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या सर्वोच्या फ्रेम वाकतात आणि मग दोष पुन्हा सर्वोलाच. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरा माल मिळतो तसा डुप्लिकेटही मिळतो, स्टिकरवर डिजिटल आणि आत भलतंच. नवीन सर्वो थेट पंखात चिकटवू नका, आधी सर्वो टेस्टरवर तासभर फिरवा, कच्चा माल बऱ्याचदा तिथेच उघडा पडतो.

आणि आकडा एकदा डोळ्याखालून घाला. समजा प्रत्येक सर्वो सीझनभर टिकण्याची खात्री ९९ टक्के आहे, तर सहाच्या सहा टिकण्याची खात्री ९४ टक्केच उरते. पण सहाही सारखे महत्त्वाचे नाहीत. एक एलेरॉन मधल्या जागी मेला तर दुसऱ्यावर कसंबसं उतरवता येतं, रडर गेला तरी बऱ्याचदा निभावतं, एलिव्हेटर गेला की मात्र संपलं. त्यामुळे बजेट तोकडं असेल तर सगळ्यात चांगला आणि नवा सर्वो एलिव्हेटरला, गिअर सहज बदलता येईल असा फ्लॅपला आणि जुनापाना पण बिनप्लेचा रडरला.