लवचीक संमिश्र अध्ययन : विद्यार्थ्यांचे समाधान

एखादा तास वर्गात बसून करायचा, त्याच वेळी घरून ऑनलाइन ऐकायचा की त्याचे ध्वनिचित्रमुद्रण सवडीने पाहायचे, हे विद्यार्थ्यानेच ठरवायचे, अशी ही विद्यापीठीय अध्यापनपद्धती. व्यवहारात तिला ‘हायफ्लेक्स’ म्हणतात. मिश्र अध्ययन याहून वेगळे. तिथे कोणता भाग कुठे शिकायचा हे प्राध्यापक ठरवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या मसुद्यातील ४० टक्के ऑनलाइन अध्यापनाची सूचना या दुसऱ्या प्रकाराविषयी होती.

नोकरी आणि लांबचा प्रवास सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ब्रायन बेटी यांनी २००५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात या पद्धतीची मांडणी केली. निवड, समतुल्यता, पुनर्वापर आणि सुलभता ही तिची तत्त्वे. त्यांतली समतुल्यता, म्हणजे कोणताही पर्याय निवडला तरी शिकणे सारख्याच तोलाचे होणे, सर्वांत अवघड, आणि समाधान बिघडते तेही बहुधा तिथेच. मराठीच्या तासाला अभंगाच्या एका चरणावरून चर्चा रंगते, पण मागच्या बाकावरचा प्रश्न माइकपर्यंत पोहोचत नाही. मग घरून ऐकणाऱ्याला नुसतेच उत्तर ऐकू येते. वेळ वाचल्याबद्दल तो खूश असतो, तरी आपण वर्गातले आहोत असे त्याला वाटत नाही. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये मांडलेली ‘सामाजिक उपस्थिती’ इथे उणी पडते.

गोवा विद्यापीठ (स्थापना १९८५) ताळगावच्या पठारावर आहे. सत्तरी, सांगे किंवा काणकोणहून बस बदलत येणाऱ्याला, त्यातही ऐन पावसाळ्यात, घरून शिकण्याची मुभा मोलाचीच. पण २०२० च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्यातल्या मुलांना रेंजसाठी डोंगर चढावा लागला. रेंजच नसेल तर थेट तासाचा पर्याय कागदावरच राहतो. उच्च शिक्षण संचालनालयाच्या ‘दिष्टावो’ उपक्रमातील ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने अशा वेळी जास्त उपयोगी पडतात, कारण रेंज मिळेल तेव्हा ती पाहता येतात.

समाधान सहसा पाच श्रेणींच्या प्रश्नावलीने मोजतात. ते मोजले म्हणजे शिकणे मोजले असे होत नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नुसते व्याख्यान ऐकण्यापेक्षा कृतिशील तासांना, म्हणजे स्वतः प्रश्न सोडवत शिकताना, विद्यार्थी जास्त शिकले, मात्र आपण कमी शिकलो असे त्यांना वाटले. शिवाय प्रश्नावली ऑनलाइन आणि सत्राच्या शेवटी भरून घेतली, तर मध्येच गळालेले आणि रेंज नसलेले विद्यार्थी त्या आकड्यात येतच नाहीत.