देव मामलेदार: सटाण्याच्या खजिन्यामागची गोष्ट

मार्गशीर्ष वद्य एकादशी जवळ आली की नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्यात आरम नदीकाठी यात्रेचे पाळणे उभे राहू लागतात, आणि देव मामलेदारांची तीच गोष्ट पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येते. दुष्काळ पडला, मामलेदारांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला, वरून तपासणी आली, आणि मोजलं तर पैन्‌पै जागेवर. बागलाणात, म्हणजे सटाण्याच्या तालुक्यात, ही गोष्ट लहान मुलालाही पाठ आहे, म्हणून ती इथे पुन्हा सविस्तर सांगत नाही. ती ज्या काळात घडली त्या काळातली कचेरी कशी चालायची, मामलेदाराच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. मी स्वतः महसुलात कारकुनी केली आहे, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते.

देव मामलेदार म्हणजे यशवंत महादेव भोसेकर. त्यांचा जन्म 1815 चा. मूळ गाव पंढरपूरजवळचं भोसे. पेशवाई बुडाली तेव्हा ते तीन वर्षांचे. कंपनी सरकारने मुलूख ताब्यात घेतला, पण कारभाराची घडी बरीचशी जुनीच ठेवली. गावात पाटील-कुलकर्णी, तालुक्याला मामलेदार, आणि वर कलेक्टर. पेशवाईच्या अखेरीस कमाविसदार, म्हणजे महसूल गोळा करणारा अधिकारी, मामलत (तालुक्याचा कारभार) घ्यायचा ती बोलीवर. ठरलेली रक्कम सरकारात भरायची आणि बाकी आपलं आपण पाहायचं. इंग्रजांचा मामलेदार पगारी झाला. नाव जुनं, पण माणूस आता नोकर. भोसेकर या नव्या व्यवस्थेत कारकुनापासून चढत आले. खानदेशातल्या एकेका तालुक्यात त्यांची बदली होत गेली आणि सटाण्याला आले तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. पगार घरी पोचायच्या आत दारावर आलेल्यांच्या हाती जायचा, अशी त्यांची ख्याती त्याआधीच पसरलेली होती.

इथे ‘मामलेदार’ या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं, कारण नव्या पिढीचा त्यात गोंधळ होतो. पुष्कळांना वाटतं की मामलेदार हा तहसीलदाराहून वेगळा, किंवा खालचा कोणी अधिकारी असावा. तसं नाही. ‘मामलत’ हा फारसी दप्तरातून आलेला शब्द, मूळ अरबी. व्यवहार, कारभार असा त्याचा अर्थ. जो मामलत सांभाळतो तो मामलतदार, आणि बोलण्यात घासून मामलेदार. मुंबई इलाख्यात तालुक्याच्या प्रमुखाला हाच शब्द होता. वऱ्हाड-नागपूरकडे आणि निजामाच्या मुलखात तहसीलदार म्हणत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर हे सगळे भाग एका कायद्याखाली आले, 1966 चा जमीन महसूल संहितेचा कायदा 15 ऑगस्ट 1967 पासून लागू झाला, आणि त्यात तहसीलदार हा शब्द कायम झाला. मामलेदार कागदावरून गेला, तोही पुरता नाही. शेतावर जायची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने अडवली तर आजही दावा 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालीच लागतो आणि तो चालवतो तहसीलदार. गोव्यात तर तालुक्याच्या अधिकाऱ्याला अजून मामलेदारच म्हणतात. तेव्हा देव मामलेदार म्हणजे आजच्या भाषेत तालुक्याचे तहसीलदार. हे एकदा नीट ध्यानात घेतलं की त्या गोष्टीचं वजन बदलतं.

आता तो निर्णय. परंपरा सांगते की 1870-71 च्या सुमाराला बागलाणात दुष्काळ पडला आणि त्यांनी 1 लाख 27 हजार रुपये वाटले. त्या वेळी माणशी रोजचा एक आणा धरला तर एका रुपयात 16 जणांचा दिवस निघतो. त्या हिशेबाने या रकमेत 20 लाखांहून जास्त माणसांचे दिवस बसतात. दानधर्माचा हा आकडाच नव्हे. हा तालुक्याचा सारा, म्हणजे शेतसारा आहे.

आणि तो सारा म्हणजे काय, हेही पाहायला हवं. शेतकऱ्याने हप्त्याने भरलेला पैसा गावातून तालुक्याला येई, कचेरीत मोजला जाई, थैल्यांत बांधून मोहोरबंद होई आणि पुढे जिल्ह्याला भरणा होई. मधल्या दिवसांत तो मामलेदाराच्या ताब्यात असे, पण त्याचा नसे. त्यातला एक रुपया खर्ची टाकायचा तरी वरून मंजुरी लागे. सारा माफ करणं, म्हणजे सूट, आणि पुढे ढकलणं, म्हणजे तहकुबी, यातलं काहीच मामलेदाराच्या हातात नव्हतं. त्याने फक्त अहवाल लिहायचा. तगाई द्यायची तरी ती कर्ज म्हणून, जामीन घेऊन. ज्याच्या घरात खायला दाणा नाही त्याला फुकट मदत द्यायचा कुठलाही नियम त्या वेळी तालुक्याच्या पातळीवर नव्हता. साऱ्या देशासाठीचा पहिला दुष्काळ आयोग नेमला गेला तो 1876 ते 78 च्या महाभयंकर दुष्काळानंतर. त्याचा अहवाल 1880 चा, आणि दुष्काळी कामांची, फुकट अन्नाची, जबाबदारीची संहिता त्याच्याही नंतरची. भोसेकरांनी जे केलं ते सरकारला कायद्यात लिहायला आणखी दहा वर्षं आणि लाखो माणसं लागली.

त्यात त्या वर्षांतली बागलाणाची अवस्था. 1869 मध्ये नाशिक जिल्हा नव्याने झाला आणि बागलाण खानदेशातून काढून त्याला जोडलं गेलं. म्हणजे वरचा साहेब बदललेला, दप्तरं इकडून तिकडे होत असलेली. अमेरिकेतल्या युद्धाने कापसाला आलेला भाव 1865 नंतर कोसळला होता आणि त्या तेजीत कर्ज काढलेले शेतकरी सावकाराच्या वहीत अडकले होते. मार्च 1870 मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली. तो रूळ मनमाडवरून जातो. सटाण्याला आजही रेल्वे नाही. तेव्हा धान्य आणायचं तर बैलगाडीने. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फडांचं, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने वाटून घेतलेलं, पाणी असलेली गावं कशीबशी तगत असतील, पण सेलबारी-डोलबारीच्या डोंगरांकडच्या कोरडवाहू गावांना कसला आधार? कलेक्टरची मंजुरी येईतो थांबा, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

कायद्याच्या बाजूनेही एक म्हणणं आहे आणि ते मी उडवून लावणार नाही. सरकारी पैसा विनापरवानगी वाटणं हा अपहार ठरतो. एकाने चांगल्या हेतूने केलं म्हणून मुभा दिली, तर दुसरा वाईट हेतूने करून तेच कारण पुढे करील. आमच्या कचेरीत जुने लोक नव्या पोरांना हेच सांगत: मन मोठं असेल तर पदरमोड कर, तिजोरीला हात लावू नकोस. हा नियम बरोबरच आहे. पण भोसेकरांची पदरमोड करून झालेली होती. पगार संपला होता, घरातलं देऊन झालं होतं आणि दारात माणसं होतीच.

म्हणूनच चमत्काराबद्दल मला जे वाटतं ते मोकळेपणी लिहितो. भक्तांच्या श्रद्धेला माझा नमस्कार आहे. पण खजिना आपोआप भरला या भागावरच सगळा जोर गेल्याने त्या माणसाने उचललेली जोखीम पुसली जाते. खजिना उघडला त्या क्षणी तो पुन्हा भरेल हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीस-चाळीस वर्षांची नोकरी, निवृत्तिवेतन, अब्रू, आणि कदाचित तुरुंग, हे सगळं त्यांनी त्या थैल्यांबरोबर टेबलावर ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट महसुलात मुरलेल्या माणसाच्या लगेच ध्यानात येते. तालुक्याचा खजिना एकट्याने रिकामा होत नाही. मी नोकरीत असताना आमच्याकडे उपकोषागाराला दोन कुलपं होती, किल्ल्या दोन माणसांकडे. दोघं समोर असल्याशिवाय दार हलायचं नाही. आणि दार उघडलं की आधी मेणाची मोहोर शाबूत आहे का ते पाहायचं, मग थैलीला हात. जुन्या काळीही रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहिणारा वेगळा, रक्कम मोजणारा वेगळा, पहाऱ्यावरचा शिपाई वेगळा. एवढी रक्कम बाहेर गेली याचा अर्थ कचेरीतला कारकून, रक्कम मोजणारा पोतदार, पट्टेवाला, सगळे त्यांच्या मागे उभे राहिले. एकानेही नाशिकला चिठ्ठी धाडली असती तर वाटप पहिल्याच दिवशी थांबलं असतं. त्या लोकांची नावं कुठल्याही आरतीत नाहीत. माझ्या लेखी ती असायला हवीत.

सटाण्यानंतर नोकरी फार दिवस राहिली नाही. निवृत्तीनंतर ते नाशिकला राहिले, आणि तोवर मामलेदाराच्या नावाआधी ‘देव’ लागलेला होता. लोकांच्या ओठी हा शब्द सहज येत नाही. सरकारी माणूस म्हणजे जप्ती, सारा, दंड असा अनुभव असलेल्या मुलखाने तो दिला. लांबून माणसं दर्शनाला येत आणि पेन्शनच्या रकमेला पुन्हा तेच पाय फुटत. 11 डिसेंबर 1887 रोजी त्यांनी नाशिकमध्येच देह ठेवला. गोदाकाठी जिथे त्यांचं स्मारक आहे तिथलं मोकळं आवार आज यशवंतराव महाराज पटांगण म्हणून ओळखलं जातं. उन्हाळ्यात तिथे व्याख्यानं रंगतात, आणि गोदेला मोठा पूर आला की सगळं पटांगण पाण्याखाली जातं. पाणी ओसरलं की लोक गाळ काढतात, पायऱ्या धुतात.

सटाण्याने मात्र त्यांना आपल्याकडेच ठेवून घेतलं. तिथे मंदिर झालं, रथ निघू लागला, यात्रा वाढत वाढत पंधरवड्याची झाली. पुण्यतिथी इंग्रजी तारखेने नव्हे, तिथीने पाळतात, त्यामुळे ती दर वर्षी मागेपुढे सरकते. त्या एकादशीच्या पहाटे मंदिरात महापूजा होते आणि पूजेला तालुक्याच्या तहसीलदारांनी बसायचा प्रघात आहे. बदली होऊन आलेला कुणीही असो, विदर्भातला, कोकणातला, कधी कधी तालुक्याची गावंही अजून पुरती माहीत नसलेला. डिसेंबरातली थंडी, ओलं सोवळं, समोर पागोटं घातलेली मूर्ती. ते पागोटं मामलेदाराचं आहे. पूजा आटोपते, प्रसाद घेतात, आणि साहेब उठून त्याच तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसतात.