स्वतःवरचा विनोद कुठे लागतो, कुठे फसतो

अमेरिकी स्टँडअप विनोदकार फिलिस डिलर यांनी मार्च १९५५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'पर्पल अनियन' क्लबमध्ये पहिला कार्यक्रम केला, तेव्हा त्या ३७ वर्षांच्या आणि पाच मुलांच्या आई होत्या. पुढे कित्येक दशकं त्यांनी स्वतःच्या दिसण्याची, स्वयंपाकाची, संसाराची टर उडवली. बाईंचा बांधा खरं तर चांगला होता, म्हणून तो झाकायला त्या ढगळ झगे घालत. कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांना दिसणारं जुळलं नाही, तर प्रेक्षक हसायचं सोडून पडताळत बसतो. हातातल्या लांब होल्डरमधली सिगारेटसुद्धा लाकडी होती. त्या सिगारेट ओढतच नसत.

असा विनोद का चालतो, याचा एक धागा मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांच्या १९६६च्या प्रयोगात सापडतो. विद्यार्थ्यांना प्रश्नमंजुषेतल्या स्पर्धकाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एका स्पर्धकाची ९२ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्याची ३० टक्के. काही मुद्रणांत शेवटी कपाची खळखळ आणि अंगावर कॉफी सांडल्याचा गोंधळ होता. हुशार स्पर्धक त्यामुळे जास्त आवडला, सामान्य मात्र आणखीच नावडता झाला. मंचावर याचा अर्थ सरळ आहे: आधी एक हुकमी विनोद करून पकड दाखवावी, मगच स्वतःकडे वळावं. सुरुवात लोकांच्या आधीच नजरेत भरलेल्या गोष्टीपासून करावी. हशा पिकवणारा शब्द वाक्याच्या शेवटी ठेवावा आणि हशा ओसरू लागला की पुढचं बोलावं. घाई केली, तर पुढचं ऐकायला लोक स्वतःचं हसू आवरतात.

विनोदाचे अभ्यासक पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांच्या २०१०च्या मांडणीनुसार, काहीतरी चुकतंय आणि तरीही त्यातून अपाय नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणवल्या की हसू येतं. आवाज कापला, जखम ताजी दिसली, की 'अपाय नाही' हा भाग कोसळतो. सभागृहात हसू नाही, कणव पसरते, आणि तिथून सेट, म्हणजे मंचावरचा सलग कार्यक्रम, सावरणं फार अवघड.

मंचाबाहेरचा धोका वेगळा आणि मला जास्त गंभीर वाटतो. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व सहकाऱ्यांनी २००३मध्ये विनोदाच्या चार शैली मोजणारी प्रश्नावली मांडली. इतरांची मर्जी राखायला स्वतःला कमी लेखण्याची शैली नैराश्याशी आणि खालावलेल्या आत्मसन्मानाशी निगडित आढळली. डिलर यांनी मात्र आपलं हसं टंकलिखित कार्डांवर उतरवून विषयवार लावलं होतं. पन्नास हजारांहून अधिक विनोद असलेलं ते पोलादी कपाट आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.