ल मॉर्त दार्थर

ब्रिटनच्या दंतकथांतील राजा आर्थर व त्याचे गोलमेजाचे सरदार यांच्या कथा एका सूत्रात गुंफणारा पंधराव्या शतकातील इंग्रजी गद्यग्रंथ. आजच्या अर्थाने ही ऐतिहासिक कादंबरी नव्हे; परंतु आर्थरवर नंतर लिहिल्या गेलेल्या बहुतेक इंग्रजी कादंबऱ्यांचा आणि काव्यांचा उगम याच ग्रंथात आहे. त्याचा कर्ता सर टॉमस मॅलरी हा, बहुसंख्य अभ्यासकांच्या मते, वॉरिकशरमधील न्यूबोल्ड रेव्हेल येथील जमीनदार व एके काळचा संसद सदस्य होता. दरोडा, गुरांची चोरी, बलात्कार, मठावरील हल्ला असे गंभीर आरोप त्याच्यावर होते आणि त्याने अनेक वर्षे कैदेत काढली. ग्रंथात तो स्वतःला ‘बंदिवान सरदार’ म्हणवतो आणि आपल्या सुटकेसाठी प्रार्थना करण्याची विनंती वाचकांना करतो. लेखन चौथ्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, म्हणजे १४६९–७० मध्ये, पूर्ण झाले. १४७१ मध्ये मॅलरी मरण पावला.

कथा त्याने नव्याने रचलेल्या नाहीत. मॉनमथच्या जेफ्रीने ११३६ च्या सुमारास लॅटिनमध्ये आर्थरला पराक्रमी राजाचे रूप दिले, वास या कवीने ११५५ मध्ये गोलमेज आणले आणि क्रेत्यां द त्र्वा याने लान्सलॉटचे प्रेम व ग्रेल या पवित्र पात्राचे गूढ यांची भर घातली. तेराव्या शतकातील विस्तीर्ण फ्रेंच गद्यकथा आणि दोन इंग्रजी काव्ये हाताशी घेऊन मॅलरीने त्यांतील गुंतागुंत सोडवली आणि लांबलचक धार्मिक विवेचने कमी केली. छोटी, ‘आणि’ने जोडलेली वाक्ये व ठसठशीत संवाद यांतून त्याने जी शैली घडवली, ती आजही वाचकाला धरून ठेवते.

होली ग्रेलचा शोध हा ग्रंथाचा कळस वाटतो, पण विनाशाची चाहूल तिथेच लागते. शोधाची शपथ घेऊन सरदार निघतात तेव्हा, ही मंडळी पुन्हा कधीच एकत्र जमणार नाहीत, हे जाणून आर्थर शोक करतो. गॅलहॅड, पर्सिव्हल व बोर्स या तिघांनाच ग्रेलची पूर्ण प्राप्ती होते आणि त्यांपैकी एकटा बोर्स दरबारात परततो. सर्वश्रेष्ठ योद्धा लान्सलॉट मात्र आर्थरची राणी ग्विनेव्हियर हिच्यावरील प्रेमामुळे उंबरठ्यावरच अडतो. शौर्य आणि पावित्र्य यांची ही फारकत मॅलरीने लान्सलॉटविषयीची माया जराही न सोडता दाखवली आहे.

ग्रंथाची खरी थोरवी मात्र शेवटच्या भागात आहे. या प्रेमाच्या आरोपावरून जाळण्यासाठी नेलेल्या राणीला सोडवताना लान्सलॉटच्या हातून गर्दीत गॅरेथ मारला जातो. गॅरेथ निःशस्त्र उभा असतो आणि त्याला सरदारपद दिलेले असते ते लान्सलॉटनेच. गॅरेथचा भाऊ गवेन सूड मागतो, आर्थरला मित्राविरुद्ध युद्ध पुकारावे लागते आणि मागे त्याचा अनौरस मुलगा मॉर्ड्रेड सिंहासन बळकावतो. सॉल्झबरीजवळ तहाची बोलणी चालू असताना झुडपातून निघालेला साप एका सरदाराला डसतो. सापाला मारण्यासाठी उपसलेली तलवार दोन्ही सैन्यांना दिसते आणि लढाई पेटते. यात खलपुरुष एकटा मॉर्ड्रेड. बाकी सारे आपापल्या निष्ठेला जागूनच एकमेकांचा नाश करतात. मॉर्ड्रेडकडे वळणाऱ्या प्रजेविषयी लिहिताना मॅलरी कथा थांबवून थेट आपल्या काळातील इंग्रजांच्या चंचलतेवर बोट ठेवतो. त्याच्या भोवती तेव्हा गुलाबांची युद्धे, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठीची यादवी, चालू होती.

विल्यम कॅक्स्टन याने ३१ जुलै १४८५ रोजी वेस्टमिन्स्टर येथे हा ग्रंथ छापून पूर्ण केला. त्याने त्याचे २१ भाग व ५०७ प्रकरणे पाडली आणि आर्थरच्या रोमवरील स्वारीचा मजकूर बराच आटोपता घेतला. आर्थर खरोखर होऊन गेल्याचा पुरावा म्हणून प्रस्तावनेत तो विंचेस्टर येथील गोलमेजाचा दाखला देतो. ते मेज वस्तुतः तेराव्या शतकातील आहे. या आवृत्तीच्या दोनच प्रती उरल्या असून संपूर्ण प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

१९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजमध्ये वॉल्टर ओकशॉट यांना या ग्रंथाचे एक हस्तलिखित सापडले. त्याच्या आधारे यूजीन व्हिनाव्हर यांनी १९४७ मध्ये काढलेल्या आवृत्तीत, हा एक ग्रंथ नसून आठ स्वतंत्र कथा आहेत, असे मत मांडले. ते मत सर्वांनी स्वीकारलेले नाही, आणि गॅरेथच्या मृत्यूचा घाव त्याच्या आधीच्या कथेमुळेच इतका खोल लागतो हे पाहता ग्रंथ सलग वाचणेच योग्य ठरते. हस्तलिखितावर कॅक्स्टनच्या खिळ्यांच्या शाईचे ठसे आढळल्याने ते त्याच्या छापखान्यात होते हेही पुढे स्पष्ट झाले. १९७६ पासून ते ब्रिटिश लायब्ररीत आहे.