दांड्याला लटकलेला पोरगा

एनएचएल या आइस हॉकी लीगचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये आळीपाळीने नवी पोरं निवडतात. २०१४ साली त्या ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत सॅम बेनेट दांड्याला लटकला तो लटकलेलाच राहिला. एकही पुल-अप निघाला नाही. उत्तर अमेरिकेतल्या स्केटरांच्या, म्हणजे गोलरक्षक सोडून बाकी खेळाडूंच्या, यादीत त्याचं नाव पहिलं, त्यामुळे थट्टाही भरपूर झाली. कॅलगरीने तरी त्याला चौथ्या क्रमांकावर उचललं. २०२५ मध्ये फ्लोरिडाने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला, तेव्हा प्लेऑफचा, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला तो हाच बेनेट.

दांड्याने चुकीचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्याच्या हातांत तेवढं बळ नव्हतंच. पण आइस हॉकीच्या स्काउटला, म्हणजे संघासाठी पोरं हेरणाऱ्याला, आजचं बळ नको असतं. सहा-सात वर्षांनी हे पोर कसं खेळेल, ते हवं असतं. आणि समोर असतं अर्धवट वाढलेलं शरीर.

त्यात कॅलेंडर घोळ घालतं. कॅनडात लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीला बदलतात. जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा एकाच गटात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर म्हणजे चांगली दोन-तीन बोटं उंची. थोराड मुलगा निवडला जातो, त्याला चांगला कोच मिळतो, बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि मग तो खरोखरच सरस होतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी हे १९८५ मध्येच दाखवलं होतं. २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ चे ड्राफ्ट तपासले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने चाळीसहून अधिक जागा उशिरा निवडलं गेलं होतं. ४०० सामन्यांसारखा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता मात्र जानेवारी-मार्चवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. म्हणजे पोरांना जोखणारे अनुभवी डोळे वर्षानुवर्षं जन्ममहिन्यालाच गुण समजत होते!

ड्राफ्टची स्वतःची तारीख आणखी वेगळी: १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूज जन्मला १७ सप्टेंबरला. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला, ते वर्ष तो झुरिकच्या संघात मोठ्या माणसांशी खेळला आणि २०१६ मध्ये टोरांटोने त्याला पहिला उचलला.

मग आकड्यांवर विसंबावं? ओंटारियोच्या ज्युनियर लीगमध्ये समवयस्कांविरुद्ध गोलांचा पाऊस पाडणारा आणि स्वीडनमध्ये बाप्यांच्या संघात जेमतेम आठ मिनिटं बर्फावर उतरणारा, यांची तुलना करायला लीगनिहाय गुणक काढतात, म्हणजे एका लीगमधली कामगिरी दुसरीत किती मोलाची याचे आकडे. गुणक निघतात ते एका लीगमधून दुसरीत गेलेल्यांवरून. आणि वर जातात ते आधीच कुणाच्या तरी नजरेत भरलेले. गाळलेल्या पाण्यावरून विहिरीचा गाळ मोजण्यातलाच हा प्रकार.

गोलरक्षकांपुढे तर सगळेच हात टेकतात. २००० साली न्यूयॉर्क आयलंडर्सनी रिक डिपिएट्रोला पहिल्या क्रमांकावर घेतलं. त्याची कारकीर्द दुखापतींनी खाल्ली. त्याच ड्राफ्टमध्ये शेजारच्या रेंजर्सनी २०५ व्या क्रमांकावर हेन्रिक लुंडक्विस्ट घेतला. तो ४५९ सामने जिंकून निवृत्त झाला. रेंजर्सनीसुद्धा त्याच्याआधी दुसरी पोरं घेतली होती.