डबा ठेवून जा: असिंक फाइल वाचन-लेखनाची पार्श्वभूमी

दिवाळी सरली की आमच्याकडे जिनिंगच्या फाटकाबाहेर बंड्या, ट्रॅक्टर आणि मेटाडोरची रांग लागते. अशाच एका जिनिंगच्या वजनकाट्यासाठी मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. काट्यावरचा आकडा वाचायचा, पावती छापायची, नोंद फाइलीत टाकायची आणि थोड्या-थोड्या वेळाने सगळी नोंदवही एका जुन्या हार्ड डिस्कवर उतरवायची, एवढंच त्याचं काम. एक काम अडलं तरी बाकीची चालू राहावीत म्हणून सगळं असिंक पद्धतीने लिहिलं होतं. तरी डिस्कवर उतरवायची वेळ आली की स्क्रीनवरचा आकडा गोठायचा आणि काट्यावरचा पोरगा खिडकीतून विचारायचा, "काहून अटकलं जी हे?"

याचं उत्तर शोधायला १९६९ पर्यंत मागे जावं लागतं. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली उभी केली, तेव्हा फाइल वाचण्याची रीत सरळ होती: प्रोग्रामने मागायचं आणि माहिती हातात येईपर्यंत झोपून राहायचं. तेवढ्या वेळात यंत्र दुसऱ्या कुणाचं काम करी, त्यामुळे कुणाचं बिघडत नव्हतं. टर्मिनलसमोरचा माणूस पुढची कळ कधी दाबेल ते सांगता येत नाही, डिस्क मात्र लगेच उत्तर देते, असा भेद युनिक्सच्या घडणीतच मुरला.

पुढे नेटवर्क आलं. एकाच प्रोग्रामला शेकडो जोडण्या सांभाळाव्या लागू लागल्या. १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या युनिक्सच्या एका अवताराने 'सिलेक्ट' ही सोय दिली: यातल्या कोणत्या जोडणीवर आता वाचायला माल आहे ते सांग. जोडण्यांसाठी ती उत्तम चालली. साध्या फाइलीबद्दल विचारलं, तर उत्तर कायम एकच, "तयार आहे". पट्टा उतरवून ठेवलेला असतानाही "या, तुमचाच नंबर" म्हणणाऱ्या चक्कीवाल्यासारखं हे झालं. तुम्ही आत जाता आणि उभे राहता. फाइलीवर 'थांबू नकोस' असा झेंडा लावला, तरी त्याला कुणी जुमानत नाही. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्स प्रणालीवर २००२ मध्ये त्याच कामासाठी आलेला 'ईपोल' त्या मानाने प्रामाणिक. त्याच्याकडे साधी फाइल नेली, तर तो सरळ नकार देतो.

आता 'लगेच' म्हणजे किती? मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे अडीच कोटी ठोके पडून जातात. शिवाय डिस्कचं डोकं योग्य जागी सरकायला लागणारा वेळ निराळा.

दुसरी रीत जगात होती, युनिक्सवाल्यांनी ती घेतली नाही, एवढंच. ती म्हणजे डबा ठेवून जायची रीत: दळण ठेवा, घरी जा, पीठ झालं की निरोप येईल. डीईसी कंपनीच्या व्हीएमएस या प्रणालीमध्ये वाचन-लेखनाची मागणी अशीच रांगेत टाकली जाई. त्या प्रणालीच्या मुख्य रचनाकारांपैकी डेव्ह कटलर १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. जुलै १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ३.१ मध्ये फाइलीसाठी हीच पद्धत होती. पुढच्याच वर्षी एनटी ३.५ ने झालेल्या कामांचे निरोप एका ठिकाणी गोळा करायची सोयही दिली. विंडोजला नावं ठेवायची आम्हा लिनक्सवाल्यांना भारी हौस, पण या बाबतीत ते खूप आधी पोचले होते.

१९९३ मध्येच युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकातही असिंक वाचन-लेखन आलं. लिनक्सच्या सी लायब्ररीने, म्हणजे सी भाषेतल्या तयार कोडच्या संग्रहाने, ते पडद्याआड मदतनीस थ्रेड (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामकरी) उभे करून भागवलं. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, स्वतःचं असिंक २.६ आवृत्तीत मिळालं, पण कर्नलचा कॅशे (फाइलींची मेमरीतली तात्पुरती साठवण) टाळून थेट डिस्कशी बोलणाऱ्यांनाच त्याचा खरा उपयोग होता. म्हणजे मुख्यतः डेटाबेसवाल्यांना.

म्हणून मग लायब्रऱ्यांनी मजूर लावले. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड हे जावास्क्रिप्ट चालवणारं साधन दाखवलं, ते 'काहीच अडत नाही' या वचनावर. जोडण्यांपुरतं ते खरं होतं. फाइलींसाठी मात्र त्याच्या पोटातल्या लिबयूव्ही या लायब्ररीमध्ये थ्रेडांचा एक ताफा असतो, न बदलल्यास फक्त चार जणांचा. चार मंद फाइली वाचायला लागल्या की पाचवी रांगेत. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधायचं एक नेहमीचं कामही हेच चौघे करतात. त्यामुळे डिस्क रखडली की नेटवर्क रखडल्यासारखं दिसतं आणि माणूस भलत्याच जागी बिघाड शोधत बसतो. जावा भाषेच्या ७ व्या आवृत्तीत २०११ साली असिंक फाइल चॅनेल आलं. विंडोजवर ते खरोखर डबा ठेवून जाणारं, लिनक्सवर तेच थ्रेडांचं.

पायथनची गोष्ट माझ्या काट्यापर्यंत येते. मार्च २०१४ मध्ये ३.४ आवृत्तीत असिंकआयओ ही असिंक कामांची लायब्ररी आली. तिच्यात सॉकेट (नेटवर्कच्या जोडण्या) होते, पाइप (प्रोग्रामांमधल्या जोडण्या) होते, फाइल नव्हती. आजही नाही. फंक्शनच्या आधी असिंक लिहून आत साधी फाइल उघडली, तर सगळा कारभार त्या फाइलीपाशी थांबतो. एआयओफाइल्स ही लोकप्रिय लायब्ररी आतून थ्रेडच वापरते. २०२० च्या ३.९ मध्ये कुठलंही अडणारं काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवायची सोपी सोय मिळाली. माझी दुरुस्ती तिथेच झाली, एका ओळीत. त्या ओळीसाठी तीन रात्री गेल्या, हे जिनिंगवाल्यांना सांगितलं नाही.

लिनक्सवर खरा बदल मे २०१९ मधला. ५.१ आवृत्तीत येन्स अॅक्सबो यांचं आयओ-यूरिंग आलं. प्रोग्राम आणि कर्नल यांच्या सामाईक मेमरीत दोन गोल रांगा असतात, एकीत मागण्या टाकायच्या, दुसरीतून निकाल उचलायचे. साध्या फाइलीही त्यात आल्या. सी प्लस प्लस भाषेच्या बूस्ट एशिओ लायब्ररीने फाइलींसाठी क्लास (कोडचे तयार साचे) दिले ते २०२१ च्या १.७८ आवृत्तीत. विंडोजवर ते जुन्या पद्धतीवर चालतात, लिनक्सवर त्यांना आयओ-यूरिंग लागतं. पण नव्या दारातून चोरही शिरले. गूगलने २०२३ मध्ये सांगितलं की कर्नलमधल्या त्रुटी शोधण्याच्या त्यांच्या बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के याच दारातून होते. क्रोमओएसवर त्यांनी ते बंदच केलं. लिबयूव्हीनेही २०२३ मध्ये ते फाइलींसाठी वापरून पाहिलं आणि पुढे आपोआप चालू होणं थांबवलं.

या सगळ्या इतिहासात लिहिण्याची बाजू जरा झाकली जाते, आणि आमच्याकडे तीच महत्त्वाची. लायब्ररी 'लिहिलं' म्हणते तेव्हा मजकूर बहुधा कर्नलच्या कॅशेत असतो, डिस्कवर नसतो. लिनक्स तो नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांपर्यंतही तसाच ठेवू शकतं. तेवढ्यात लाईन गेली तर नोंद गेली, प्रोग्राम असिंक असो की नसो. एकदा ऐन गर्दीत असंच झालं: पावत्या शेतकऱ्यांच्या हातात, फाइलीत शेवटच्या गाड्यांचा पत्ता नाही. रात्री दुसऱ्या प्रती मागवून आकडे भरत बसलो. तेव्हापासून दर नोंदीनंतर एफसिंक, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवून घ्यायचा हुकूम, आहे, तेही वेगळ्या थ्रेडवर. ते परत आल्यावरच पावती छापली जाते. क्षणभर जास्त लागतो, पण रांगेतल्या कुणाला ते जाणवलेलं नाही. काट्यावरचा पोरगा आता विचारतो ते प्रिंटरच्या कागदाबद्दल.