तापाची गोष्ट, डॉक्टरच्या हातची

पीटर्सबर्गहून मॉस्कोला निघालेल्या आगगाडीत क्लिमोव नावाचा तरुण लेफ्टनंट बसलाय. समोरचा प्रवासी पाइप ओढतोय आणि त्या वासानं क्लिमोवला मळमळतंय. तोंडाला कोरड पडलीय, डोकं जड झालंय. बाकावर ऐसपैस जागा असूनही हातपाय कुठे ठेवावेत हे त्याला कळत नाही. आजाराचं नाव अजून आलेलं नाही, पण याला ताप भरतोय हे वाचणाऱ्याला कळून चुकतं.

रशियन लेखक अंतोन चेखव यांची ‘टायफस’ ही कथा 1887 सालची. टायफस म्हणजे एक संसर्गजन्य ताप. 1884 मध्ये मॉस्को विद्यापीठातून ते डॉक्टर झाले होते. त्याच वर्षी त्यांना स्वतःला खोकल्यातून रक्त पडू लागलं होतं, आणि तो क्षय आहे हे ते पुढे कितीतरी वर्षं मान्य करत नव्हते.

कथेत पुढे क्लिमोवला भ्रम होतो. आपल्याकडे जुनी माणसं ‘वातात बरळतोय’ म्हणतात, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांच्या इशाऱ्यावर मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान चढवतो. त्याच धुमश्चक्रीचा फटका मेंदूच्या इतर कामांनाही बसतो. लक्ष एका जागी ठरत नाही, वेळेचं भान सुटतं. चेखव यातलं काहीच समजावत बसत नाहीत. गाडीतला पाइपवाला क्लिमोवच्या खोलीत पुन्हा पुन्हा येतो आणि काळ उड्या मारत जातो, एवढंच ते लिहितात. थर्मामीटरवरचा आकडा माणसाला आतून काय होतंय ते सांगत नाही. हे सांगायला लेखक लागतो, आणि इतकं बिनचूक सांगायला रुग्णांच्या उशाशी बसलेला लेखक लागतो.

1899 मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी म्हटलंय की, जमेल तिथे आपण शास्त्राला धरून लिहिलं आणि जिथे ते शक्य नव्हतं तिथे न लिहिणंच पसंत केलं. अंगावर पुरळ उठणारा टायफस उवांमुळे पसरतो, हे फ्रेंच जीवाणुशास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये दाखवलं ते 1909 साली. चेखव 1904 मध्येच वारले होते. त्यामुळे कथेत कारणांची चर्चा नाही. लक्षणं मात्र आजच्या डॉक्टरलाही ओळखीची वाटतील.

पण मला ही कथा खरी मोठी वाटते ती ताप उतरल्यावर. एका सकाळी क्लिमोव शुद्धीवर येतो. श्वास घेता येतोय, भूक लागलीय, याचाच त्याला इतका आनंद होतो की हसू आवरत नाही. तो बहिणीला, कात्याला, हाक मारतो. मावशी रडत सांगते की त्याचाच आजार तिला लागला, ती गेली, तिला पुरलंसुद्धा. बातमी भयंकर आहे, पण नुकत्याच सुटका झालेल्या शरीराचा आनंद ती दाबू शकत नाही. क्लिमोव रडतो, हसतो, आणि थोड्याच वेळात खायला देत नाहीत म्हणून कुरकुरायला लागतो.

केसपेपरवर इथे ‘रुग्ण बरा’ असा शेरा पडला असता. चेखव आणखी आठवडाभर थांबतात. मग क्लिमोव कसाबसा चालत खिडकीशी येतो, बाहेरचं ढगाळ आभाळ बघतो, आणि तेव्हा कुठे त्याला बहिणीसाठी खरं रडू फुटतं.